देवगाव फाट्यावरची दोरी

माझ्याकडे वाचकांची जी पत्रे येतात त्यांत एक तक्रार वर्षातून चार-सहा वेळा तरी असतेच. ‘जुनी गाडी आहे, एका अंगाला ओढते, स्टिअरिंग हातात बसत नाही, दोनदा अलाइनमेंट करून झाले, पैसे गेले, गाडी आहे तशीच.’ या पत्रांना मी एक ठरीव उत्तर पाठवीत असे : टायरची हवा पाहा आणि चांगल्या ठिकाणी कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून घ्या. उत्तर चुकीचे नव्हते. पण आमच्याच घरात ते तीन वर्षे लागू पडत नव्हते, आणि त्याचे खापर मी भलत्याच माणसाच्या माथी फोडून मोकळा झालो होतो. ती हकीकत आज सांगतो.

आमच्याकडे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती नवी घेतली. घरात तिला अजून फियाटच म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी ती गोलमटोल, मुंबईकरांनी जिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले ती, मग 1964 साली चौकोनी ‘डिलाइट’, आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणून ती सगळ्या देशाला ठाऊक झाली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. सरकारी नियमाप्रमाणे गाडीला ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणजे आमची गाडी नवीही नाही आणि पुराणवस्तूही नाही. माझ्यासारखीच अधल्यामधल्या वयाची आहे.

तीन वर्षांपूर्वी अण्णा एकदा बाजारातून आले आणि म्हणाले, “गाडी हातात बसत नाही रे.”

मी गाडी शहरातल्या एका मोठ्या अलाइनमेंटवाल्याकडे नेली. चारी चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे उमटले, मुलाने गाडीखाली जाऊन दोन मिनिटे पाना फिरवला, आणि लाल आकडे हिरवे झाले. छापील कागद मिळाला. तो मी अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाले, “कागद सरळ आहे. गाडी नाही.”

पुन्हा नेली. पुन्हा हिरवा कागद. त्यानंतर एका संध्याकाळी आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. दरवाजावर वीतभर ओरखडा, बाकी काही नाही; पण घरात बैठक बसली. अण्णांचे वय पंचाहत्तरीकडे झुकलेले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, नजर डॉक्टरांनी उत्तम ठरवलेली. मग मीच निकाल दिला. “अण्णा, गाडीचे काही नाही. तुमच्या हातांचे आहे.” किल्ली त्यांच्या खुंटीवरून माझ्या कपाटात गेली. लायसन्स त्यांचे चालू होते. ते काही बोलले नाहीत. आता वाटते, बोलले असते तर बरे झाले असते.

गेल्या दिवाळीत त्यांनी एवढेच सांगितले की, भाऊबिजेला जिंतूरला आत्याकडे जायचे आहे आणि जायचे ते फियाटने. आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या. नाही म्हणणे शक्य नव्हते. सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघालो. मी चालवायला, शेजारी अण्णा, मागे आमच्या सौ., चिरंजीव आणि फराळाचे डबे.

जालन्यापर्यंत रस्ता असा गुळगुळीत की कुठल्याही गाडीचे दोष झाकले जावेत. खरा प्रकार मंठ्यानंतर सुरू झाला. हा सगळा काळ्या कापसाच्या जमिनीचा मुलूख. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते; वर कितीही डांबर ओता, रस्त्याला लाटा पडतातच. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरी फुलावर आलेल्या, देखावा मोठा सुरेख. पण मला मान वळवायची सोय नव्हती. सरळ रस्त्यावर मी सारखा चक्र डावीकडे-उजवीकडे करीत होतो. गाडी आधी ऐकायची नाही, आणि ऐकली की जास्तच ऐकायची.

मागून सौ. म्हणाल्या, “अहो, तुमचेही हात आता अण्णांसारखे झाले की काय?”

चिरंजीव हसले. अण्णा बाहेर पाहत होते. देवगाव फाटा जवळ आला असताना समोरून ट्रक आला म्हणून मी कडेला घेतले. डावे चाक एका खड्ड्यात आदळले, खालून ‘खट्’ असा लोखंडी आवाज आला, आणि मी चक्र उजवीकडे फिरवले तर त्याचा चांगला चतकोर फेरा नुसता हवेत गेला. गाडी तेवढा वेळ आपल्या मर्जीने चालली होती. ट्रक निघून गेला. कुणी काही बोलले नाही. पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने मी गाडी फाट्यापर्यंत आणली.

देवगाव फाटा म्हणजे सेलूकडचा रस्ता जालना–जिंतूर रस्त्याला मिळतो ती जागा. चहाच्या टपऱ्या, जीपांची वाट पाहणारी माणसे, पंक्चरची दुकाने. अशाच एका पत्र्याच्या शेडपुढे थांबलो. आतून साठीचे एक गृहस्थ हात पुसत बाहेर आले, आणि गाडीकडे असे पाहत उभे राहिले की गावाकडून कुणी ओळखीचे आले आहे.

“पद्मिनी! कवाची, शहाऐंशीची का?” त्यांनी अचूक साल सांगितले. पुढे कळले की उमेदीची बावीस वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काढली होती. पद्मिन्या कमी झाल्या तसे तेही गावाकडे परतले. “काय तकलीफ हाय सायब?”

मी हिरव्या कागदापासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतले आणि मला सोडून अण्णांना विचारले, “बाबा, तुमी चालवत होता ना? तुमी सांगा, कवापासून हाय हे?”

“तीन वर्षं झाली,” अण्णा म्हणाले. “सरळ जाताना मोकळी पडते. वळवलं की जड होते. वळण संपल्यावर चक्र आपणहून परत येत नाही. आणि डावीकडं जेवढी वळते तेवढी उजवीकडं वळत नाही.”

मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, “बगा, अर्धं काम झालं.”

यापुढे जे झाले ते जरा सावकाश सांगतो, कारण ज्यांच्या घरी असली गाडी आहे त्यांना ते उपयोगी पडेल. इतरांनी तेवढा वेळ चकली घ्यावी.

स्टिअरिंगचे चक्र फिरवले की खालच्या पेटीत आटे पाडलेला एक जाड दंड फिरतो. त्याने एक आखूड हात डावा-उजवा हलतो. गाडीच्या दुसऱ्या अंगाला त्याच मापाचा जुळा हात असतो, त्याला आयडलर म्हणतात. या दोघांना जोडणारी एक आडवी दांडी मध्ये, आणि तिच्या दोन टोकांकडून दोन चाकांकडे गेलेल्या दोन दांड्या, म्हणजे टायरॉड. प्रत्येक सांध्यावर वाटीत बसवलेला गोळा, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. असे सांधे अर्धा डझन भरतात. एकेक सांधा केसभर झिजला तरी सहा केसांचा दोर होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बैलगाडीला दोनच चाके. बैल वळले की सगळा आस त्यांच्यामागे वळतो. चार चाकांच्या वाहनात मात्र वळताना आतले चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात चालते, म्हणून आतल्या चाकाने जास्त वळले पाहिजे, नाहीतर टायर रस्त्यावर फरफटतो. ही युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पर्गर नावाच्या एका बग्गी बनवणाऱ्याची. 1818 साली लंडनमध्ये तिचे पेटंट आकरमन या त्याच्या प्रतिनिधीने घेतले, आणि जगभरच्या पुस्तकांत नाव राहिले ते आकरमनचे. युक्ती लागू पडायला एक अट मात्र आहे : गाडी सरळ चालत असताना ही सगळी दांड्यांची रचना बरोबर मध्यावर हवी. ही अट मी वाचली होती. वाचणे आणि पाहणे यांत फरक असतो.

मिस्त्रींनी आधी चारी चाकांत हवा सारखी केली. मग पुढच्या दोन्ही चाकांच्या पत्र्याला हात लावून पाहिला. एखादा ब्रेक अडकून घासत असला तर ते चाक तापते, गाडी त्या अंगाला ओढते आणि बिचारे अलाइनमेंट बदनाम होते. दोन्ही सारखेच कोमट होते. टायरवरून त्यांनी तळवा आडवा फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. मलाही फिरवायला लावला. एका दिशेने टायर मऊ लागत होता, उलट दिशेने करवतीसारखा. सरळ चालताना चाके रस्त्यावर आडवी घासत आल्याची ही खूण. हिरवा कागद हातात असताना तीन वर्षांत मी एकदाही टायरवरून हात फिरवला नव्हता.

मग पुढचा भाग जॅकवर, खाली लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. त्यांनी ठोकळे दोनदा ठोकून पाहिले तेव्हाच आत गेले. चाक वर-खाली धरून हलवले. इथे हालचाल आली तर दोष किंगपिनचा किंवा बेअरिंगचा. यातला कोणता हे ओळखायची रीत सोपी : दुसऱ्याने ब्रेक दाबावा, हालचाल थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. आमचे दोन्ही बरे निघाले. किंगपिनला अण्णा न चुकता ग्रीस देववीत आले होते. मग पावणेतीन वाजता घड्याळाचे काटे असतात तसे दोन्ही हात ठेवून चाक हलवले. डावे चाक खटखटले.

“बाबा, तुमी आत बसा. चक्र हळूहळू हलवा, येवढंच,” त्यांनी दोन बोटांनी माप दाखवले. “सायब, तुमी खाली या.”

मी भाऊबिजेचा सदरा घातला होता. आत गेलो. त्यांनी माझे बोट एकेका सांध्यावर ठेवले. वर अण्णा चक्र हलवत होते, ठरावीक लयीत, दोन बोटांपेक्षा जास्त नाही, कमी नाही. मधल्या दांडीचे सांधे शांत. आयडलरच्या बुशात किंचित ढिलाई. आणि डाव्या चाकापाशी, टायरॉडच्या बाहेरच्या टोकाला, बोटाखाली गोळा वाटीत चक्क उडत होता. रबरी टोपी फाटून धूळ आत गेली होती, वाटी झिजून तिचे तोंड मोठे झाले होते. आणखी थोडे दिवस, किंवा आणखी एक मोठा खड्डा, आणि गोळा बाहेर. मग चक्र कितीही फिरवा, डावे चाक आपल्याला हवे तिकडे जाणार. मला तो ट्रक आठवला. मागच्या बाकावर कोण कोण बसले होते तेही आठवले.

“वर जे हात हायेत,” मिस्त्री म्हणाले, “ते येकदम ठीक हायेत.”

गाडीखाली आम्ही दोघेच होतो. मी काही उत्तर दिले नाही.

आता नवा सांधा आणायचा कुठून? भाऊबिजेच्या दिवशी, देवगाव फाट्यावर, पद्मिनीचा? मी मोबाइलवर जालन्यातली दुकाने शोधू लागलो. अण्णा उतरले, डिकी उघडली, जुन्या ट्रंकेतून तेलकट कागदाची पुडी काढली आणि मिस्त्रींच्या हातावर ठेवली. दोन कोरे सांधे, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या आट्याचा. पुडीवर त्यांच्या अक्षरात तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. त्यांनी ते मुंबईहून मागवून माझ्याबरोबर अलाइनमेंटवाल्याकडे पाठवले होते. तिथल्या मुलाने सांगितले, “गरज नाही, आकडे हिरवे आलेत,” आणि मी ते तसेच परत आणून डिकीत टाकले होते. हे मी साफ विसरलो होतो.

सांधा काढायची मिस्त्रींची रीत पाहण्यासारखी होती. त्याचा निमुळता खिळा चाकाच्या हातात घट्ट रुतलेला असतो. आपल्यासारखा अधीर माणूस खालून आट्यांवर हातोडा घालतो आणि आटे चेपतो. मिस्त्रींनी नट अर्धा ढिला केला, हाताच्या छिद्राच्या एका अंगाला एक जड हातोडा टेकवला, समोरच्या अंगाला दुसऱ्याने एकच टोला दिला. सांधा आपणहून खाली सुटला. जुन्या सांध्याचे किती आटे आत होते ते त्यांनी आधी मोजून पत्र्यावर खडूने लिहिले होते.

मी समजलो, आता नवा बसवला की निघू. पण त्यांनी कापडी दोरी काढली आणि दोन्ही टायरॉडची लांबी मापली, गोळ्यापासून गोळ्यापर्यंत. डाव्या दांडीच्या मापाची गाठ उजव्या दांडीला लावली, तर गाठ बोटभर पुढे गेली. एक दांडी दुसरीपेक्षा बोटभर लांब!

“हे बगा सायब. खरा आजार ह्यो हाय.”

त्यांनी दुसऱ्या बाजूचाही सांधा सोडवला. आता चाकांचा आणि चक्राचा संबंध तुटला. चक्र एका टोकाला जाईपर्यंत फिरवले, मग फेरे मोजत दुसऱ्या टोकाला नेले, आणि बरोबर निम्मे परत येऊन खडूची खूण केली. हा पेटीचा खरा मध्य. त्या खुणेवर चक्र पाहतो तर त्याच्या आऱ्या चांगल्याच तिरक्या.

घडले होते ते असे. अलाइनमेंट करताना दोन्ही टायरॉड सारखेच फिरवावे लागतात, एक जितका लांब करावा तितकाच दुसराही. त्यात वेळ जातो. एकच दांडी फिरवली तरी चाके आपसात समांतर येतात आणि पडद्यावरचा आकडा हिरवा होतो. फक्त चक्र तिरके दिसू लागते. मग कुणीतरी चक्रच उपटून सरळ करून बसवले. आता कागद सरळ, चक्र सरळ, चाके सरळ. आणि आतली पेटी मध्यापासून ढळलेली. या पेटीतले दाते मध्यावर सगळ्यांत घट्ट बसतील असेच घडवलेले असतात, बाजूला थोडी मोकळीक असते. आमची गाडी तीन वर्षे सरळ रस्त्यावर त्या मोकळ्या जागेत चालत होती. शिवाय ढिलाई वाटते म्हणून कुणीतरी पेटीवरचा स्क्रूही आवळून ठेवला होता. त्यामुळे वळणात चक्र जड व्हायचे आणि वळण संपल्यावर परत यायचे नाही. आणि सगळी रचना एका बाजूला सरकल्यावर डावी-उजवी वळणे सारखी कशी येणार? अण्णांनी सांगितलेली चारी लक्षणे एकामागून एक दाखल्यासह पटली.

माझा राग अर्थात त्या अलाइनमेंटवाल्यावर निघाला. मिस्त्री स्क्रू सैल करता करता म्हणाले, “त्या पोराला कशाला बोलायचं? मशीन इचारतं तेवढंच त्यो सांगतो. ही गाडी त्यानं जन्मात पाह्यली नसंल.” मुंबईत तर जोपर्यंत हवा तो आकडा दाखवीत नाही तोपर्यंत मशिनाला कुणी पैसे देत नसे, असेही ते म्हणाले; त्यात खरे किती आणि गावाकडे परतलेल्या माणसाची फोडणी किती, देव जाणे.

यानंतरचे काम दोन तास चालले. नवे सांधे, दोन्ही दांड्या दोरीने सारख्या, पेटी खडूच्या खुणेवर, चक्र काढून सरळ बसवलेले. मग गाडी खाली उतरवून मागे-पुढे ढकलली, कारण जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाके फाकलेली असतात आणि स्प्रिंगा बसल्याशिवाय घेतलेले माप खोटे असते. चिरंजीव, मी आणि जीपची वाट पाहणारे तिघे, असे पाचजण ढकलायला. सौ.नी ढकलणाऱ्यांना लाडू वाटले.

माप घेण्याची रीत अशी. पुढचे चाक अधांतरी असताना टायरच्या मधोमध खडू फासायचा, खिळा स्थिर धरून चाक फिरवायचे, म्हणजे खडूवर सबंध फेऱ्याची बारीक रेघ उमटते. दोन्ही चाकांवर रेघ, आणि रेघेवर एकेक फुली. गाडी खाली घेतल्यावर फुल्या चाकांच्या मागच्या बाजूला आणून, खाली काही आड येणार नाही अशा उंचीवर, दोन रेघांमधले अंतर घ्यायचे. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची. त्याच फुल्या आता पुढे येतात. त्याच उंचीवर पुन्हा अंतर घ्यायचे. त्याच फुल्यांवर दोन्ही मापे घेतल्याने चाकाचा पत्रा किंचित वाकडा असला तरी चूक होत नाही. ही अर्ध्या फेऱ्याची मख्खी मी कितीतरी पुस्तके वाचून लक्षात घेतली नव्हती. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी यायला हवे. मागची चाके जिला ढकलतात अशा जुन्या गाडीत हा फरक साधारण दोन-चार मिलिमीटरचा. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात पाहावा. गाडी धावू लागली की सांध्यांतली उरलीसुरली ढिलाई ताणली जाऊन चाके किंचित फाकतात, तेव्हा ती समांतर होतात.

चाके गाडीच्या अंगाशी सरळ आहेत की नाहीत हे पाहायला मिस्त्रींनी पुन्हा दोरीच वापरली. मागच्या चाकाला टेकवून ती पुढच्या चाकाच्या पुढे ओढून धरली, दोन्ही अंगांना. पुढची आणि मागची चाके एका रुंदीवर नसतात, म्हणून दोरी चारी ठिकाणी टेकेल अशी अपेक्षा करू नये. डावीकडची फट आणि उजवीकडची फट सारखी आली की झाले. दोरीचे एक टोक अण्णांनी धरले होते. मिस्त्री पाना पाव फेरा फिरवायचे आणि विचारायचे, “बाबा, आता?” अण्णा वाकून पाहायचे आणि म्हणायचे, “अजून एक केस.”

शेवटी दांड्यांचे क्लँप आवळले आणि खाचांच्या नटांतून कोऱ्या कॉटर पिना घातल्या. जुनी पिन पुन्हा कधी घालू नये. चार आण्यांची वस्तू आहे, तिच्यावर सगळ्या घराचा जीव असतो. आयडलरचा बुश मात्र फाट्यावर मिळण्यासारखा नव्हता. तो पंधरा दिवसांत बदला, असे त्यांनी बजावून सांगितले; आम्ही आठव्या दिवशी बदलला.

पैसे त्यांनी इतके थोडे सांगितले की मला लाज वाटली. जास्त देऊ केले तर म्हणाले, “लई दिसांनी ही गाडी हाताखाली आली.” सौ.नी चिवड्याचा डबा त्यांच्या नातवंडांसाठी ठेवला, तो घेतला.

ऊन उतरले होते. मी खिशातून किल्ली काढली आणि अण्णांपुढे धरली. माफीचे दोन शब्द मनात जुळवून ठेवले होते, ते काही बाहेर आले नाहीत. एवढेच म्हणालो, “अण्णा, तुम्ही घेता का? खात्री करायला हवी.”

त्यांनी किल्ली घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला, सीट पुढे ओढली. फाट्यावरून गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली. पहिले दोन मैल ते पस्तीसच्या वर गेले नाहीत. एका लांब, मोकळ्या पट्ट्यावर त्यांनी गाडी आधी रस्त्याच्या डाव्या उतारावर ठेवली, मागेपुढे कोणी नाही असे पाहून क्षणभर मधोमध घेतली, आणि चक्रावरची पकड नुसती सैल केली. रस्ता कडेला उतरता असतो म्हणून डावीकडे प्रत्येक गाडी थोडी कलतेच. मधोमध ती सरळ राहिली पाहिजे. राहिली. मी शेजारी बसून रस्ता पाहत होतो. तीन वर्षांत प्रथमच मला खिडकीतून कापूस दिसला.

“अण्णा,” मागून सौ. म्हणाल्या, “चारठाण्याला चहा घ्यायचा का?”

“जिंतूरलाच घेऊ. ताई वाट पाहत असेल.”

आत्या ओसरीत पाट मांडून, निरांजन तयार ठेवून बसल्या होत्या. ओवाळताना त्यांचे लक्ष अण्णांच्या बाहीवरच्या ग्रीसच्या डागाकडे गेले. “हे काय लावून आलास रे, सणाच्या दिवशी?”

“गाडीचं काम निघालं होतं,” अण्णा म्हणाले.

“कुणी चालवली?”

“फाट्यापर्यंत ह्यानं,” त्यांनी माझ्याकडे मान केली. “पुढं मी.”

दोन्ही टायरॉडच्या लांबीची गाठ मारलेली ती दोरी मिस्त्रींनी आम्हाला दिली आहे. ती आता गाडीच्या कप्प्यात असते. तो हिरवा कागदही तिथेच होता, अण्णांनी त्याची पुरचुंडी करून तीत जास्तीच्या कॉटर पिना बांधून ठेवल्या आहेत. किल्ली त्यांच्या खुंटीवर असते. मला गाडी हवी असली की मी विचारतो.